चाकाचं सासर-माहेर

आमच्या लेकीला घरात झोप येत नसे. पाळण्यात, मांडीवर, खांद्यावर, कुठेही टाका, ती टक्क डोळे उघडे ठेवून आमची परीक्षा बघायची. गाडीत मात्र दुसरं वळण यायच्या आत मान टाकायची. म्हणून सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, तिचं नाव कंडक्टर ठेवलं होतं. एकतीस वर्षं त्यांनी शहराच्या बस चालवल्या होत्या, आणि त्यांच्या मते डेपो सोडल्याबरोबर झोपणारे कंडक्टर त्यांनी पुष्कळ पाहिले होते. जागी झाली की ती ओळीने दोनदा किंचाळायची. दोनच. बाबा आरशातून मागे बघून म्हणायचे, "डबल बेल. चला."

गाडी काढायच्या आधी बाबांचा एक नेम असे. बटण दाबून गाडी चालू करायची आणि जागच्या जागी स्टीअरिंग पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे, मग मधोमध आणायचं. चाकं खडीवर करकरायची. बसच्या दिवसांतली सवय. विचारलं तर सांगायचे, "चाकाला आधी सासर-माहेर दाखवून आणायचं. दोन्ही घरं ठाऊक असली की मधे कसं राहायचं ते त्याला कळतं."

"बाबा, ही हायब्रिड आहे," माझा नवरा म्हणायचा. "हिच्या पोटात ढीगभर कम्प्युटर आहेत. तिला माहेर पाठ असतं."

"पाठ असेना. भेटवून आणायला आपलं काय जातं?"

मला हे बोलणं आवडायचं. टोकाला गेलेलं स्टीअरिंग धरून बाबा क्षणभर थांबायचे, जसं काही खरंच कोणाला दारात सोडलंय आणि ते आत पोचल्याची वाट बघतायत.

आता माझं सांगते.

लेक आठ महिन्यांची झाली तेव्हा मी दुपारी तिला गाडीतून एक चक्कर मारून आणायला लागले. ती झोपायची. परत आल्यावर तिला उचलून वर नेलं की जिन्यातच जाग यायची, म्हणून मी गाडी इमारतीसमोर लावून आतच बसून राहायचे. पहिल्या दिवशी खरंच तिच्यासाठी बसले. दुसऱ्या दिवसापासून माझ्यासाठी. काचा चढवलेल्या, पंखा मंद, समोरच्या पडद्यावर गाणी बारीक आवाजात, मांडीवर पुस्तक. दीड तास कोणी मला हाक मारायचं नाही. वर भांडी तशीच पडलेली असायची आणि मला ती आठवायचीसुद्धा नाहीत. वर गेल्यावर मी सांगायचे, "आज फार फिरवावं लागलं हिला." बाबा म्हणायचे, "दमलीस ना, बस जरा," आणि चहा टाकायचे. तो चहा मी प्यायचे.

नवऱ्याने मला दोनदा बजावलं होतं. गाडीत दोन बॅटऱ्या असतात, एक मोठी, जी गाडी पळवते, आणि एक छोटी, जी दिवे, पडदा, कुलपं असली किरकोळ कामं करते. ब्रेकवर पाय न ठेवता नुसतं बटण दाबलं की गाणी लागतात, पण गाडी खरी चालू होत नाही, आणि छोटी बॅटरी उतरत जाते. "आवाज करत नाही ना ही, म्हणून फसायला होतं," तो म्हणाला होता. मी हो हो म्हटलं होतं. पाय ठेवून चालू केलं तर मधेच इंजिन घुरघुरायचं आणि लेक चाळवायची. मी नुसतं बटण दाबायचे.

एका सोमवारी बटण दाबलं तर काहीच झालं नाही. पडदा काळा.

घाबरून मी दादाला, म्हणजे माझ्या भावाला फोन लावला. तो पाण्याचे पंप दुरुस्त करतो आणि जगातल्या सगळ्या यंत्रांना पंपाची भावंडं समजतो.

"छोटी बॅटरी काढून चार्जरला लाव. दोन तासांत उठेल. आधी काळी वायर काढायची. आणि रडू नकोस."

"मी रडत नाहीये."

"मग ती कोण रडतेय?"

"तुझी भाची."

खालच्या मजल्यावरच्या बेकरीवाल्याकडे त्याच्या व्हॅनचा चार्जर होता. त्याने दहा नंबरचा पानाही दिला. लेकीला पोटाशी बांधून, मागच्या सीटखालचं झाकण उचलून, घामाने निथळत मी काळी वायर सोडवली, मग लाल. बॅटरी बेकरीच्या ओट्यावर ठेवून दोन तास पावांच्या वासात बसले. मग परत जोडली. पडदा उजळला. इतका आनंद मला बारावीच्या निकालानेही झाला नव्हता.

फक्त एक दिवा राहिला. पिवळा. घसरणाऱ्या गाडीचं चित्र, खाली दोन वाकड्या रेघा. जाईल आपोआप, मी मनात म्हटलं. बेकरीवाल्याला सांगितलं, "घरी काही बोलू नका हं, उगीच चिडवतील." तो हसून म्हणाला, "मी फक्त पाव विकतो, वहिनी."

दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीला लस द्यायला न्यायचं होतं. रात्रभर तिने आम्हाला जागवलं होतं. खाली उतरेपर्यंत ती माझ्या खांद्यावर कशीबशी झोपली. तिला मागच्या सीटवर तिच्या खुर्चीत अलगद बसवलं, पट्टे लावले, मी शेजारी बसले. बाबांनी गाडी चालू केली आणि दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवून डावीकडे वळवायला सुरुवात केली. खडी करकरली. लेकीच्या पापण्या हलल्या.

"बाबा, आजच्या दिवस राहू द्या ना ते," मी कुजबुजले. "उठेल ती."

त्यांनी लगेच हात थांबवले. "राहिलं," तेही कुजबुजले. मग पुढे वाकून म्हणाले, "हा पिवळा काय म्हणतोय?"

"तो येतो-जातो," मी म्हटलं.

"येतो-जातो?"

"हो. असतो तो तसाच."

त्यांनी मान डोलावली. माझ्यावर विश्वास ठेवून त्या माणसाने गाडी रस्त्यावर घेतली.

शाळेच्या मैदानाला वळसा घालून रस्ता उजवीकडे जातो, तिथे उतार आहे. बाबा हळू चालवत होते. मी समोर बघत होते, म्हणून मला पक्कं आठवतं. त्यांनी स्टीअरिंग जेवढं वळवायला हवं तेवढंच वळवलं होतं. मधेच गाडीखालून कुर्रर्र असा आवाज आला, पुढचं एक चाक कोणीतरी धरून ठेवल्यासारखं झालं आणि स्टीअरिंगने बाबांच्या हातांना हिसका दिला. गाडी डावीकडे वळली, फुटपाथवर चढली आणि बसथांब्याच्या बाकावर जाऊन आदळली.

बाकावर कोणी नव्हतं. बाकाच्या एका टोकाला कोणाचं तरी वर्तमानपत्र होतं, ते खाली पडलं. एवढंच.

लेक उठली. दोनदा किंचाळली. बाबांनी आरशात बघितलं नाही. ते स्वतःच्या हातांकडे बघत होते.

"मी वळवलं नाही," ते म्हणाले. "तिने ओढलं."

संध्याकाळी नणंद आली. मी तिला ताई म्हणते. ती दवाखान्यात परिचारिका आहे आणि तिला दुसऱ्यांचे हात बघायची सवय आहे. तिने बाबांचे हात आपल्या हातात घेतले.

"बाबा, गाडी स्वतःहून कशी ओढेल?"

"ओढलं म्हणतोय ना."

"बसथांब्यावर घातलीत तुम्ही गाडी. तुम्ही." ती ओरडली नाही, त्यामुळे जास्त लागलं. "मागे लेकरू होतं. आणि ही होती."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मदत मागितली नाही त्यांनी, नुसतं बघितलं, की ही तर मागे बसली होती, हिने पाहिलं असेल. मी वरणाला उकळी आली का ते बघायला उठले.

"तू काय पाहिलंस गं?" ताईने मला थेट विचारलं.

"माझं लक्ष हिच्याकडे होतं," मी लेकीला उचलत म्हटलं.

आपल्याकडची किल्ली बाबांनी स्वतःच नवऱ्याच्या हातात दिली. त्याने नको नको म्हटलं आणि खिशात टाकली.

मला तेव्हा माहीत नव्हतं. हे मी पुन्हा पुन्हा स्वतःला सांगितलं आहे, की बॅटरीचा आणि ह्याचा काही संबंध असेल हे मला कसं माहीत असणार. बॅटरी मागे, चाक पुढे. पण माहीत नसतं तर मी बेकरीसमोरून जाताना मान का फिरवली असती?

नऊ दिवस गेले. बाबा घरात वावरायचे ते पाहुण्यासारखे. चहाचा कप दोन्ही हातांनी धरायला लागले. एकदा मी आत आले तर ते जेवणाच्या टेबलाशी बसून डावा हात समोर धरून बघत होते, बोटं पसरून, हलतात का ते. मला पाहून त्यांनी तो हात टेबलावरच्या मीठदाणीकडे नेला, जणू मीठच हवं होतं. कंडक्टरला उचलताना आधी खुर्चीवर बसायचे, मग म्हणायचे, "दे." आधी असं नव्हतं.

दहाव्या दिवशी गॅरेजमधून फोन आला. नवरा कामावर होता, म्हणून लेकीला घेऊन मी गेले. मेकॅनिक एक बाई होती, माझ्याच वयाची, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, कानामागे पेन्सिल. पत्र्याचं काम झालं होतं. तिने गाडीला एक छोटा यंत्रपडदा जोडून ठेवला होता.

"छोटी बॅटरी कोणी काढली होती?" तिने विचारलं.

माझ्या तोंडून निघालं, "का?"

"नोंद आहे इथे. अपघाताच्या आदल्या दिवशी दुपारी वीज पूर्ण तुटलेली. मग परत जोडलेली. तेव्हा पुढची चाकं वळलेली होती का?"

आमची गल्ली उताराची आहे. तिथे गाडी लावायची तर चाकं फुटपाथकडे वळवूनच लावायची, असं बाबांनी मला शिकवलं होतं. मी रोज तशीच लावत होते.

"असतील," मी म्हटलं.

"मग झालं. बॅटरी काढली की ह्या गाडीला आठवत नाही स्टीअरिंगची मधली जागा कुठली. वळलेली होती तीच तिला सरळ वाटली. दिवा लावून सांगत असते ती, की माझं डोकं ठिकाणावर नाही. पण आपण निघतो. वळणावर तिला वाटतं, अरे, गाडी घसरली. मग सावरायला म्हणून आपल्या अकलेने एका चाकाचा ब्रेक धरते आणि स्टीअरिंगलाही झटका देते. बऱ्याच गाड्या असल्या वेळी गप्प बसतात. ही जरा आगाऊ." तिने बॉनेटवर थाप मारली. "चालवत कोण होतं?"

"सासरे."

"त्यांना म्हणावं, हात चांगले आहेत तुमचे. पडद्यावर दिसतंय, हिसका बसल्यावर अर्ध्या सेकंदात त्यांनी उलटं सावरायला घेतलंय. दुसरा कोणी असता तर थेट मैदानाच्या भिंतीत गेला असता."

मी लेकीचं टोपडं सारखं केलं. ते सरळच होतं.

"आणि ह्यावर उपाय काय असतो?" मी विचारलं.

"उपाय कसला. बॅटरी जोडली की गाडी चालू करायची, स्टीअरिंग एकदा ह्या टोकाला न्यायचं, एकदा त्या टोकाला. दोन्ही टोकं कळली की मधलं तिचं ती शोधते. आपली काही जुनी ड्रायव्हर मंडळी असतात ना, उगीच निघताना गरागरा फिरवतात, त्यांच्या गाडीला हे कधी होणारच नाही."

ती हसली. मी तिच्याकडून गाडीची दुसरी किल्ली घेतली. बॅटरी कोणी काढली हे तिला मी शेवटपर्यंत सांगितलं नाही, आणि तिने पुन्हा विचारलंही नाही.

घरी आले तेव्हा लेक झोपली होती. आयुष्यात पहिल्यांदा ती जिन्यात उठली नाही. तिला पाळण्यात ठेवलं. बाबा टेबलाशी बसले होते, चष्मा लावून, पेन्सिल घेऊन. समोर गाडीच्या परवान्याचा अर्ज होता. सत्तरी झाली की परवाना नव्याने मागावा लागतो, आणि दुसऱ्या दिवशी ताई येऊन तो अर्ज नेणार होती.

"बघ गं, बरोबर लिहिलंय का," ते म्हणाले. "पेनने गिरवायच्या आधी."

नवव्या प्रश्नावर माझे डोळे थांबले. गेल्या बारा महिन्यांत चालवताना वाहनावरील ताबा सुटला होता काय? बाबांनी 'होय' वर खूण केली होती. खाली विचारलं होतं, असल्यास कारण. तिथे त्यांच्या सुबक अक्षरात एकच शब्द होता. वय.

"बाबा, हे खोडा," मी म्हटलं.

"खोटं कसं लिहू?"

"खोटं हेच आहे."

मग मी सांगितलं. उभ्या उभ्याच. सलग नाही सांगता आलं, आधी गॅरेजवालीचं सांगितलं, मग मागे जाऊन दादाचा फोन, बेकरीचा ओटा, मग त्याच्याही मागे जाऊन दुपारची गाणी आणि पुस्तक. तुम्ही चहा करायचात तेव्हा मी दमलेली नसायचे, हेही सांगितलं. त्याची गरज नव्हती, पण ते बाहेर आल्याशिवाय बाकीचं येईना. शेवटी पिवळ्या दिव्याचं सांगितलं, आणि ताईने विचारलं तेव्हा माझं लक्ष लेकीकडे नव्हतं, समोर होतं, आणि तुम्ही वळवलं नव्हतं, हे.

बाबांनी चष्मा काढला. मला वाटलं होतं ते रागावतील, किंवा, ते तसे आहेतच म्हणून, लगेच जाऊ दे म्हणतील. त्यांनी दोन्ही केलं नाही.

"नऊ दिवस," ते म्हणाले, "मी हे हात बघतोय."

मी खाली बसले.

"बॅटरीचं सोड. कोणाकडूनही होतं. एकदा मी डिझेल भरायचं विसरून बस पुलावर उभी केली होती, भर बाजाराच्या दिवशी. पण मी डेपोत जाऊन सांगितलं त्याच संध्याकाळी." ते थांबले. "तू मला विचारायचंस तरी. की बाबा, असं असं झालंय, त्याचं काही आहे का. मी सांगितलं असतं. तेवढंच तर मला येतं."

मला रडू आलं, ते मी गिळलं, कारण रडले असते तर त्यांना माझी समजूत घालावी लागली असती.

त्यांनी खोडरबर घेऊन 'वय' खोडलं. हळूहळू, कागद चुरगळणार नाही असं. खूण मात्र 'होय' वर तशीच ठेवली आणि त्या जागी लिहिलं: बॅटरी काढल्यानंतर स्टीअरिंग दोन्ही टोकांना फिरवले नाही. इशाऱ्याचा दिवा दिसत असताना चालकाने गाडी बाहेर काढली.

"चालकाने कशाला?" मी म्हटलं. "मी म्हटलं होतं ना, असतो तो तसाच."

"तू म्हणालीस ते तुझं. चाक माझ्या हातात होतं." त्यांनी पेन उघडलं. "प्रवाशाने सांगितलं म्हणून गाडी काढतात का? शिकाऊ पोरांना मी हेच ओरडायचो. आणि चाकाला सासर-माहेर न दाखवता निघालो. एकतीस वर्षांत कधी निघालो नव्हतो."

म्हणजे मी सांगूनही त्यांनी आपला वाटा स्वतःकडे ठेवून घेतला. मला हलकं वाटेल अशी माझी समजूत होती. तसं काही झालं नाही.

"ताईला फोन मी करते," मी म्हटलं.

"तूच कर," ते म्हणाले. इतर कुठल्याही वेळी ते म्हणाले असते, असू दे, मी बोलतो.

ताईने सगळं ऐकून घेतलं. दवाखान्यातला आवाज मागे येत होता, कोणीतरी कोणाला तरी खुर्चीवर बसा म्हणत होतं. मग ती म्हणाली, "त्या दिवशी मी तुला विचारलं होतं."

"हो."

"मी बाबांना किती बोलले गं."

"हो."

"उद्या येते," ती म्हणाली आणि फोन ठेवला. नवऱ्याला संध्याकाळी सांगितलं. तो आधी "मी दोनदा सांगितलं होतं" म्हणाला, मग बाबांच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभा राहिला आणि किल्ली खिशातून काढून त्यांच्या उशाशी ठेवून आला. आमच्याकडे पुरुष माफी अशीच मागतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी राहिलेली लस द्यायला निघालो. बाबांनी किल्ली मला दिली. "तू चालव. मी मागे कंडक्टरपाशी बसतो."

"बाबा, तुम्ही चालवा ना."

"अर्ज मंजूर होऊन येऊ दे. तोवर तू."

लेक खुर्चीत बसल्या बसल्या पेंगली, मान कलली. मी ब्रेकवर पाय ठेवला, बटण दाबलं. पिवळा दिवा लागला आणि विझला, तसा तो विझायलाच हवा असतो. मी आरशात बघितलं. बाबा खिडकीबाहेर बघत होते. काही सांगणार नव्हते ते.

मी स्टीअरिंग डावीकडे वळवायला लागले. खडी करकरली, लेक चाळवली, मी थांबले नाही. पूर्ण टोकाला नेलं, क्षणभर धरलं. मग उजवीकडे, तेही टोकापर्यंत. मधोमध आणेपर्यंत लेक पूर्ण जागी झाली होती. ती दोनदा किंचाळली.

मी वाट बघितली. आरशात बाबांनी तिच्या मुठीत आपलं बोट दिलं होतं. ते बोट जराही हलत नव्हतं. मी ब्रेकवरचा पाय काढला नाही.

शेवटी ते म्हणाले, माझ्याकडे न बघता, "चला."

डबल बेल म्हणाले नाहीत. मी गाडी हळूच रस्त्यावर घेतली.